अकरावीला गणित मिळालं नाही

त्या वर्षी आमच्या घरात जमिनीवर पाय ठेवायला जागा नसायची. खोली मुळात लहान, दहिसरला नदीच्या कडेच्या चाळीतली. तिच्यात जिकडे तिकडे वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यांवर कानातल्यांचा माल वाळत घातलेला. खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायचं काम आई घरी आणायची. जेवायच्या वेळी एका कोपऱ्यातला माल दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायचा, तिथे ताटं मांडायची, आणि जेवण झालं की पुन्हा माल पसरायचा. भाताला त्या गोंदाचा वास यायचा. सवय झाली म्हणतात लोक. मला कधी झाली नाही.

बाबा कांदिवलीला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होते. मालकाने कारखाना गुजरातेत हलवला आणि ज्यांना यायचं त्यांनी या म्हणाला. बाबा गेले नाहीत. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा बाबा शाळेत होते, त्यामुळे काम जाणं आमच्या घराला नवीन नव्हतं. पण बाबांना ते नवीन होतं. सुरुवातीला तेही चिमटा घेऊन आईसोबत खडे लावायला बसायचे. त्यांची बोटं जाड, खडा तिरका बसायचा. ते बाहेर गेले की आई त्यांनी लावलेले खडे काढून परत लावायची. एकदा ते लवकर परतले आणि त्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते चिमट्याला शिवले नाहीत. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे आणि जेवायला परत यायचे. कुठे जायचे ते आम्ही विचारलं नाही.

त्याच वर्षी मी दहावी झाले.

मला गणित आवडायचं. हुशार होते असं नाही म्हणत मी. आमच्या शाळेत माझ्यापेक्षा हुशार मुली होत्या. पण भूमितीची सिद्धता लिहिताना मला बरं वाटायचं. एक ओळ लिहिली की पुढची का आली ते कंसात द्यायचं. घरात कशाचंच कारण कोणी देत नव्हतं, वहीत प्रत्येक ओळीला कारण होतं. सायन्सला जायचं कोणाच्या मनातही आलं नाही. प्रॅक्टिकलला दिवसभर कॉलेजात थांबावं लागतं, मग माल कोण करणार? कॉमर्स सकाळचं असतं. तेव्हा आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "कॉमर्सला जा, काही बिघडत नाही. पण तिथे तुला विचारतील, मॅथ्स घेतेस की एसपी. मॅथ्सच म्हणायचं. ते सोडलंस ना, तर पुढे कॉम्प्युटर, स्टॅटिस्टिक्स, काही काही मिळायचं नाही. लक्षात ठेवशील?"

ठेवलं. बोरिवलीच्या कॉलेजात प्रवेशाला आई माझ्यासोबत आली होती. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मॅथ्स की एसपी?"

"मॅथ्स," मी म्हटलं.

त्याने माझी गुणपत्रिका पाहिली. "गणिताचे मार्क कमी पडतायत तुझे. मॅथ्सला वरून भरत येतात. एसपी घे."

"एसपी म्हणजे काय ओ?" आईने विचारलं.

"सेक्रेटरियल प्रॅक्टिस. कंपनीच्या चिठ्ठ्याचपाट्या लिहायच्या. पाठांतर आहे मावशी, सोपं आहे. मुलगी आरामात पास होईल."

आई माझ्याकडे पाहायला लागली. मी रडायच्या बेतात होते. तेव्हा तो माणूस जरा नरमला. म्हणाला, आत्ता एसपीत नाव घाल. गणितात काही जागा उरतात, त्यासाठी कॉलेज एक चाचणी घेतं. चाचणीत पास झालीस तर विषय बदलून मिळेल. फळ्यावर लक्ष ठेव.

मी रोज फळ्यावर लक्ष ठेवलं. आमच्या शाळेतल्या बाईंकडे परत गेले. त्यांनी अकरावीचं पुस्तक दिलं, आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसवून शिकवलं. पुस्तक इंग्रजीत. चल म्हणजे व्हेरिएबल, घातांक म्हणजे इंडेक्स, हे सगळं एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत लिहून घेतलं. खडे लावताना मनातल्या मनात म्हणत राहायचे. आई म्हणायची, "काय पुटपुटतंस गो? जप चाललो हा काय?"

मग फळ्यावर नोटीस लागली. गणपतीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडेल त्या सोमवारी चाचणी.

आता इथे आमच्या घरचं सांगायला हवं. आमच्या गावच्या घरात, देवगडकडे, गणपती एकच आणि बाबा धरून भाऊ चार. दर वर्षी एका भावाकडे मान. ज्याचं वर्ष असेल त्याने मूर्ती आणायची, पूजा करायची, रोज येणाऱ्या भजनवाल्यांचं चहापाणी, उसळ बघायची, आणि विसर्जनापर्यंत घर सोडायचं नाही. आमचा गणपती अकरा दिवसांचा. कॉलेजला सुट्टी पाच दिवसांची. आणि ते वर्ष आमचं होतं.

मी बाबांना नोटीस सांगितली आणि म्हटलं, गौरी गेल्या की मी एकटी एसटीने परत येते.

"एकटी? आणि तुझी आवस एकटी किती रांधतली?"

"काकी आहेत ना."

"काकी पाव्हण्या. वर्ष आपला." मग ते हळू म्हणाले, "काम गेला म्हणान गणपती आटोपलो, असा कोणी बोलता नये. पोरगी पण पळाली, असा बोलतीत."

"पण बाबा, चाचणी आहे."

"चाचणी काय पळान जाता? तुका कावीळ झालेली तेव्हा शाळेत बाईनी परत घेतली ना? तशी घेतील. अर्ज देऊ. गणपती चार वर्षांनी येता."

मी सरळ सांगते, मलाही तसंच वाटलं. शाळेत गैरहजर राहिलं की फेरपरीक्षा व्हायचीच. गणपतीला गावी गेलेल्या मुलांची तर बाई आपण होऊन घ्यायच्या. अर्धी शाळा गावी असायची. कॉलेज वेगळं असतं हे आम्हाला सांगणारं घरात, चाळीत कोणी नव्हतं. आमच्या घरातलं कोणी कॉलेजच्या दारात गेलेलंच नव्हतं. आम्ही चौघं, म्हणजे आईबाबा, मी आणि धाकटा भाऊ, बोरिवलीहून एसटीत बसलो तेव्हा माझ्या मनात धाकधूक होती, पण फार नाही.

बाबांनी त्या वर्षी काही कमी केलं नाही. मूर्ती दर वर्षीएवढीच. भजन रोज. सोमवारी सकाळपासून मी काळ्या वाटाण्याच्या उसळीसाठी वाटप वाटत होते. दुपारी भांडी घासून झाली आणि फोन हातात घेऊन मी देवळाच्या मागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जाऊन बसले. आमच्या गावात फोनला रेंज तिथेच यायची. वर्गातल्या एका मुलीने मेसेज केला होता, "कुठे आहेस यार? आली का नाहीस?" आणि खाली प्रश्नपत्रिकेचा फोटो.

मी तो फोटो मोठा करून वाचला. पहिला प्रश्न आला. दुसरा आला. तिसऱ्यात वर्गसमीकरण होतं, ते मी गडग्यावर बसल्या बसल्या मनात सोडवलं. एक अडलं, ते सोडून पुढे गेले, आणि पुढची दोन परत आली. शेवटचं लॉगरिदमचं होतं. बाईंनी अगदी तसंच घातलेलं. मी कितीतरी वेळ तिथेच बसले होते. माझी ठाण्याची चुलत बहीण मला शोधत आली. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला होती. आमच्या नात्यात तेवढी एकच जरा पुढे गेलेली, पण मला तिला आधी विचारायचं सुचलं नव्हतं. तिला फोटो दाखवला. म्हटलं, परत गेल्यावर माझी घेतील.

"वेडी आहेस काय गं तू?" ती म्हणाली. "कॉलेजात कोण घेतं परत? तुझ्यासाठी थांबलेत काय ते? वाट लागली तुझी."

मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "बघ काकांना घेऊन जाऊन. कदाचित घेतील." ती खोटं बोलतेय हे मला कळलं.

आम्ही परतलो त्या दिवशीच बाबा माझ्यासोबत कॉलेजात आले. तोच इस्त्रीचा शर्ट. हातात प्रसादाचा पुडा: खाजं, पंचखाद्य, आणि आईने मुद्दाम बाजूला ठेवलेले लाडू. गणिताच्या विभागाचे सर आपल्या केबिनमध्ये होते. वयाने बाबांएवढेच, शांत, चष्मा. बाबा उभेच राहिले. सरांनी बसायला सांगितलं तरी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"सर, आमचं वर्ष होतं गणपतीचं. त्यामुळे मुलगी राहिली. अर्ज आणलाय. तिची परत घ्या परीक्षा. आत्ता घ्या म्हटलंत तर आत्ता देईल."

सरांनी प्रसाद दोन्ही हातांनी घेतला. डोळे मिटून कपाळाला लावला. एक खाजं तोंडात टाकलं, आणि म्हणाले, "गावचं खाजं म्हणजे काय बोलायचं. आम्हीही तिकडचेच. आमचाही असतो गणपती, इथेच, मुलुंडला. पण आता दीड दिवसाचा करतो. सगळ्यांच्या नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा. काळाप्रमाणे बदलावं लागतं, काय?"

बाबा "होय होय" म्हणाले.

"नोटीस आठवडाभर आधी होती. जागा भरल्या. आता एकीला घेतलं तर उद्या दहा येतील. नाही जमायचं हो."

मी म्हटलं, "सर, पेपर मला येत होता. मी पाहिला फोटो. मला येत होता."

ते चिडले नाहीत. "येत असेल बाळा. पण तू आली नव्हतीस."

बाबांनी नमस्कार केला. बाहेर जिन्यात ते थांबले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "दीड दिवसाचा." एवढंच. मग दोन पायऱ्या उतरून, "माणूस चांगला होता." आम्ही बस न घेता चालत घरी आलो. कोणाला घाई नव्हती.

दोन वर्षं मी एसपी शिकले. भागधारकाला पत्र कसं लिहावं, सभेची सूचना कशी काढावी. मार्क चांगले पडले. खिडकीतला माणूस खरं बोलला होता, विषय सोपा होता. शेजारच्या वर्गात गणिताचा तास सुरू व्हायचा तेव्हा आमच्या वर्गातली अर्धी मुलं उठून तिकडे जायची आणि आम्ही एसपीवाले मागे उरायचो. दार उघडं असलं की फळ्यावर खडू घासल्याचा आवाज यायचा. बाबांना नंतर बोरिवलीच्या एका टॉवरमध्ये वॉचमनची नोकरी लागली. घर जरा सावरलं. दर जूनमध्ये ते मला विचारायचे, "ता गणिताचा काय झाला? यंदा घेतत काय?" मी म्हणायचे, "नाही ओ." ते मान हलवायचे. त्यांच्या मते कॉलेजात कुठेतरी ती परीक्षा अजून शिल्लक होती.

पुढे बी.कॉम.ला गेले. बाकी कुठे जाता येणार नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या ते एकेक करून खरं होत गेलं. कॉम्प्युटरच्या पदवीला बारावीचं गणित लागतं, स्टॅटिस्टिक्सला लागतं. पण गंमत अशी की बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणित सगळ्यांना सक्तीचं होतं. जे मला मागून मिळालं नाही ते आता न मागता गळ्यात. पहिल्या दिवशी मी पुढच्या बाकावर जाऊन बसले. मॅडम आल्या, फळ्यावर डेरिव्हेटिव्ह लिहिला आणि म्हणाल्या, "हे तुम्ही बारावीत केलंयच. पुढे जाऊ या."

प्रत्येक तासाला तेच. हे तुम्ही केलंयच. मी हात वर करून एकदा विचारलं, "मॅडम, फंक्शन म्हणजे काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "एसपीवाली दिसतेय रे." वर्ग हसला. मॅडमही थोडं हसल्या, पण नंतर मला थांबवून त्यांनी एक पान काढून समजावलं. चांगल्या होत्या. पण दोन वर्षांचं एका पानात मावत नाही. त्या पेपरला माझी केटी लागली. मी, जिने गडग्यावर बसून पेपर सोडवला होता, गणितात नापास झाले.

घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, "केटी म्हणजे काय?"

"परत परीक्षा द्यायची."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे कॉलेजात पण असता परत परीक्षा! मी तेव्हाच बोललेलं ना?"

मी म्हटलं, "हो बाबा." ती परीक्षा आणि ही परीक्षा यातला फरक त्यांना सांगायची माझ्यात ताकद नव्हती. दुसऱ्यांदा मी तो पेपर सोडवला आणि पास झाले.

शेवटच्या वर्षाला असताना गणपतीचा मान परत आमच्याकडे आला. मी बॅग भरायला घेतली तर बाबा म्हणाले, "तू येव नको."

"का?"

"तुझी परीक्षा असतली."

"नाही ओ बाबा, सुट्टी आहे. काहीच नाही."

"असता. तेंची नोटीस कधी पण लागता. तू हयच रव." आवाज असा, की पुढे बोलायची सोय नाही. आईने मला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे.

ते तिघं गेले. मी दहिसरच्या खोलीत एकटी राहिले. परीक्षा नव्हती. शेजारच्यांनी मोदक आणून दिले. चाळीच्या गणपतीची आरती ऐकू यायची, मी दार लावून बसायचे. पुस्तक उघडं ठेवायचे समोर, उगाच. एका संध्याकाळी बाबांनी गडग्यावर जाऊन व्हिडिओ कॉल केला. आधी घरात काढलेला मूर्तीचा फोटो पाठवला होता, तो पोचला का विचारलं. मागे भावाचा दंगा चाललेला. मग फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "झाली काय परीक्षा?"

"झाली."

"कशी गेली?"

"सोपी होती," मी म्हटलं.

ते फोनमध्ये बघत राहिले. त्यांना खरं वाटलं की नाही, मला अजून माहीत नाही. फोन बंद झाल्यावर मी बराच वेळ रडले. मला त्यांना काही देता येत नव्हतं आणि त्यांनाही मला काही देता येत नव्हतं. म्हणून त्यांनी मला ते अकरा दिवस दिले, आणि ते मला नको होते. मला गावी जायचं होतं.

बी.कॉम. झाले. अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्समध्ये लागले. पहिल्या पगाराच्या महिन्यात आईने घरी माल आणणं बंद केलं. जमीन दिसायला लागली. तिथे कामावर असतानाच कळलं की बारावी झालेल्या माणसाला राहिलेला एखादा विषय सुटा देता येतो. आयसोलेटेड म्हणतात. हेही इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. मी अर्ज भरला. रविवारी आणि ऑफिस सुटल्यावर अभ्यास केला. अकरावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली, कारण बारावीतलं काहीच त्याच्याशिवाय कळत नाही. प्रॅक्टिकलची वही सही करून घ्यायला एका कॉलेजात जावं लागलं. तिथल्या रांगेतली मुलगी मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही टीचर आहात ना? पुढे जा ना तुम्ही."

"नाही गं, मी पण परीक्षेलाच आहे."

"या वयात?" मग जीभ चावून, "सॉरी हां ताई. म्हणजे, झकास!"

हसू आलं मला. वय म्हणजे काय, पंचविशीही झाली नव्हती. पण तिच्या बाजूने पाहिलं तर बरोबर होतं. त्या रांगेत मी जेव्हा असायला हवी होते तेव्हा मी तिच्याएवढी होते.

निकाल लागल्यावर कॉम्प्युटरच्या पदवीची चौकशी केली. आता मी पात्र होते. कॉलेज सकाळी सात ते दुपारपर्यंत, तीन वर्षं. नोकरी सोडून करता आलं असतं. बाबांचं गुडघ्याचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, त्यांनी रात्रपाळी सोडली होती, भाऊ अकरावीत. मी माहितीपत्रक घेऊन आले, वाचलं, आणि ठेवून दिलं. कोणी मला नको म्हणालं नाही. विचारलंच नाही मी कोणाला. भावाला मात्र प्रवेशाला मी स्वतः घेऊन गेले होते. खिडकीपाशी त्याने तोंड उघडायच्या आधी मीच म्हटलं, "मॅथ्स." तो नंतर माझ्यावर चिडला, त्याला गणित अजिबात आवडत नाही. आम्ही विषय बदलून घेतला.

ऑफिसातल्या एकीने विचारलं, मग एवढा अभ्यास करून उपयोग काय झाला? पगार वाढला का? नाही वाढला. बढतीसाठी ते कोणी बघतही नाही. मी तिला उपयोग सांगू शकले नाही आणि आजही सांगता येणार नाही.

गणिताची पदवी माझ्याकडे नाही, आणि आता होईल असं वाटत नाही. मी बी.कॉम. आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर. आणि बारावीचं गणित मी पास झाले आहे, पहिल्याच वेळेला.